डायना आणि पायाखालचे सुरुंग

१५ जानेवारी १९९७. आफ्रिकेतल्या अंगोला देशातले हुआंबो शहर. शहराच्या कडेला गवत माजलेला एक माळ आणि त्यातून दोन्ही बाजूंना खुणा ठोकून मोकळी केलेली एक अरुंद वाट. वाटेच्या कडेने कवटीचे चित्र आणि पोर्तुगीज भाषेत धोक्याची सूचना असलेले लाल फलक. त्या वाटेवरून ३५ वर्षांची एक स्त्री चालत गेली. अंगात पांढरा शर्ट, त्यावर छाती-पोटाला स्फोटापासून वाचवणारे जड जाकीट, चेहऱ्यासमोर जाड पारदर्शक ढाल. काही छायाचित्रकारांना हवा तसा फोटो मिळाला नव्हता, म्हणून ती तीच वाट पुन्हा एकदा चालली. तो फोटो जगभर छापला गेला आणि ज्या घरांत भूसुरुंग हा विषय कधी निघालाच नव्हता, तिथेही तो निघाला.

प्रिन्सेस डायना म्हटले की लोकांना आठवते ते लग्न, मग घटस्फोट आणि मग पॅरिसचा अपघात. आरोग्याच्या बाजूने तिच्या आयुष्याकडे पाहिले तर वेगळेच काही दिसते. तिच्याकडे वैद्यकाची तर सोडाच, कसलीच पदवी नव्हती. पण लोक ज्याला हात लावायला किंवा जिथे पाय ठेवायला घाबरत होते, तिथे ती तीनदा गेली. एड्सचे रुग्ण, कुष्ठरोगी आणि सुरुंगांची जमीन. यातल्या पहिल्या दोन भीती मुख्यतः गैरसमजातून आलेल्या होत्या. तिसरी अगदी खरी होती, आणि त्यामुळे तिसरे काम पहिल्या दोघांपेक्षा पुष्कळ अवघड होते.

तिचा जन्म १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, सँड्रिंगहॅम येथे झाला. स्पेन्सर घराणे जुने आणि श्रीमंत, पण आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले. अभ्यासात तिला गती नव्हती. शालान्त दर्जाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटली. लंडनमध्ये ती एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम करत होती, तेव्हा युवराज चार्ल्सशी तिचे लग्न ठरले. २९ जुलै १९८१ रोजी लग्न झाले तेव्हा ती २० वर्षांची होती. १९८२ आणि १९८४ साली दोन मुलगे झाले.

बाहेरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या या संसारात ती आजारी होती. बुलिमिया हा तो आजार. यात माणूस अनावरपणे भरपूर खातो आणि वजन वाढेल या धास्तीने मुद्दाम ओकून टाकतो. वजन बरेचदा साधारणच राहते, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही आणि डॉक्टरांच्याही नजरेतून हा रुग्ण निसटतो. वारंवार ओकाऱ्या काढल्याने दातांचे आवरण झिजते, रक्तातले पोटॅशियम खाली जाते आणि ते फार खाली गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १९९५ साली दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत तिने या आजाराची उघड कबुली दिली. राजघराण्यातल्या व्यक्तीने मानसिक आजाराबद्दल इतके मोकळे बोलणे ब्रिटनला नवीन होते. आपल्याकडे तर आजही ते सोपे नाही.

पण तिच्या नावाने लक्षात राहिलेली पहिली आरोग्यविषयक घटना त्याआधीची, एप्रिल १९८७ मधली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी खास कक्ष उघडला गेला. ब्रिटनमधला तसा तो पहिलाच. एचआयव्हीचा शोध लागून चार वर्षे झाली होती. हा विषाणू रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, हात लावल्याने नाही, हे डॉक्टरांना माहीत होते. लोकांना मात्र पटत नव्हते. रुग्णाचे ताट वेगळे, पेला वेगळा, काही ठिकाणी तर परिचारकही खोलीत यायला तयार नसत. डायनाने तिथे एका रुग्णाशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केले. रुग्णाने चेहरा न दाखवण्याच्या अटीवर फोटो काढू दिला होता. भीती किती खोल होती, हे त्या एका अटीवरूनच कळते. पत्रके आणि व्याख्याने वर्षानुवर्षे जे सांगत होती, ते त्या फोटोने एका दिवसात घरोघर पोचवले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तिने तेच केले. १९८९ साली इंडोनेशियात जकार्ताजवळच्या सितानाला कुष्ठरोग रुग्णालयात ती रुग्णांच्या खाटांवर बसली, त्यांचे हात हातात घेतले. औषध सुरू झाले की कुष्ठरोगाचा संसर्ग लवकरच थांबतो आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याविरुद्धची ताकद मुळातच असते. तरीही या रोगाची धास्ती औषधाने जात नाही. ती कुणी तरी शेजारी बसल्यानेच जाते.

ऑगस्ट १९९६ मध्ये घटस्फोट झाला. त्याच सुमारास तिने शंभराच्या आसपास संस्थांची आश्रयदाती पदे सोडली आणि फक्त सहा ठेवली. त्यात एड्स, कुष्ठरोग, मुलांचे रुग्णालय आणि कर्करोगाचे रुग्णालय अशा चार संस्था आरोग्याच्या होत्या. ब्रिटिश रेड क्रॉस त्या सहांत नव्हती. तरी रेड क्रॉसच्या भूसुरुंगविरोधी मोहिमेसाठी जानेवारी १९९७ मध्ये ती अंगोलाला गेली.

अंगोला १९७५ साली पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला आणि लगेच यादवी युद्धात सापडला. एका बाजूला सोव्हिएत युनियन आणि क्युबा, दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. लढणारे आणि मरणारे मात्र बहुतांश अंगोलाचेच. १९९३ साली हुआंबोसाठी सलग ५५ दिवस लढाई झाली आणि शहराची चाळण झाली. १९९४ साली समझोता झाला, तोवर दोन्ही बाजूंनी पूल, रस्ते, पाणवठे, विजेचे मनोरे आणि शहरांच्या कडा यांच्याभोवती सुरुंग पेरून ठेवले होते. नकाशे बहुतेक ठिकाणी ठेवलेले नव्हते, आणि जिथे ठेवले होते तिथे ते करणारे सैनिक मेले होते किंवा निघून गेले होते.

माणसाविरुद्धचा सुरुंग ही वस्तू दिसायला क्षुल्लक असते. ‘पीएमएन’ हा सोव्हिएत बनावटीचा सुरुंग बशीएवढा आणि त्यात सुमारे २४० ग्रॅम टीएनटी. काही जातींत याच्या निम्म्याहून कमी स्फोटक असते. वर काही किलोंचा दाब पडला की पुरे. लहान मुलाच्या पावलाचा दाबही चालतो. अशा सुरुंगाचा हेतू बरेचदा माणूस मारणे हा नसतोच. एक सैनिक मेला तर एकच कमी होतो. पाय तुटून तो ओरडत राहिला, तर त्याला उचलून नेणारे दोघे-तिघेही लढाईतून कमी होतात. हा थंड हिशेब करून ते स्फोटक मोजून भरलेले असते.

शल्यचिकित्सकाच्या टेबलावर येणारी ही जखम साध्या अपघातासारखी नसते. पाऊल तर जातेच, पण स्फोटाचा दाब माती, गवत, बुटाचे तुकडे, कापड आणि त्याच पायाच्या हाडाचे कण स्नायूंच्या थरांमधून वरपर्यंत ढकलतो. बाहेरून घोट्यापर्यंतची वाटणारी जखम आत पोटरीभर पसरलेली असते. नवखा डॉक्टर वरवर स्वच्छ करून टाके घालतो आणि दोन दिवसांत आत गॅस गँग्रीन होते. म्हणून नियम असा, की मेलेला स्नायू आणि सगळी घाण काढेपर्यंत कापत राहायचे, धनुर्वाताची काळजी घ्यायची आणि जखम शिवायची नाही. चार-पाच दिवस ती उघडी ठेवायची, पुन्हा पाहायची, स्वच्छ असेल तरच बंद करायची. पहिल्या महायुद्धाने शिकवलेला हा धडा रेड क्रॉसच्या सर्जनांना सुरुंगांच्या देशांत रोज वापरावा लागला. एकेका रुग्णावर अनेक शस्त्रक्रिया होतात आणि रक्ताच्या बाटल्याही फार लागतात. जिथे रक्तपेढीच धड नाही, तिथे काय होत असेल हे सांगायला नको. अनेक जण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत.

जो वाचतो त्याला कृत्रिम पाय लागतो, आणि तो एकदा देऊन भागत नाही. प्रौढ माणसाला तो दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. मूल वाढत असते, त्यामुळे त्याला सहा महिने ते वर्षभरात नवा पाय हवा. त्यातच कापलेल्या टोकाचे हाड मुलामध्ये कातडीपेक्षा वेगाने वाढते आणि टोचू लागते, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया. आठव्या वर्षी पाय गेलेल्या मुलीला म्हातारी होईपर्यंत वीसहून अधिक पाय लागू शकतात. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांना इतका उपयोगी पडला, तो स्वस्त होता म्हणून आणि त्यावर मांडी घालता येते, अनवाणी शेतात उतरता येते म्हणूनही.

अंगोलाच्या राजधानीत, लुआंडा येथे, डायना अशाच एका कृत्रिम अवयव केंद्रात गेली. पाय गेलेल्या एका किशोरवयीन मुलीला जवळ घेऊन बसलेला तिचा फोटो सुरुंगाच्या वाटेवरच्या फोटोइतकाच गाजला. पुढे ती कुईतोलाही गेली. नऊ महिने वेढा सोसलेले ते शहर जगातल्या सर्वाधिक सुरुंग असलेल्या शहरांत गणले जात होते.

अंगोलात एक कोटीहून अधिक सुरुंग आहेत असा आकडा त्या काळी सर्रास दिला जाई. नंतरच्या पाहण्यांत असे आकडे फार फुगवलेले निघाले. पण हा आकडा मुळात चुकीच्याच गोष्टीचा होता. शेताला सुरुंगांची संख्या कळत नाही. दोन एकरांत एकच सुरुंग असला, किंवा तो असल्याची नुसती शंका असली, तरी तिथे नांगर चालत नाही. विहिरीच्या वाटेवर एका बाईचा पाय गेला की सगळे गाव नदीचे गढूळ पाणी पिऊ लागते आणि पोरांना जुलाब लागतात. रस्त्याची शंका आली की लसी घेऊन येणारी गाडी येत नाही, बाळंतीण अडली तर तिला नेता येत नाही. रुग्णालयाच्या नोंदीत हे मृत्यू अतिसार, गोवर, कुपोषण या नावांखाली जातात. सुरुंगाचे नाव त्यांच्यापुढे कुणी लिहीत नाही.

हुआंबोच्या त्या माळावर काम करणारी संस्था होती ‘हॅलो ट्रस्ट’. तिने अंगोलात १९९४ साली काम सुरू केले होते. डायना जिथून चालली ती वाट या संस्थेच्या माणसांनी आधी तपासून ठेवली होती, हे तिला ठाऊक होते. तिने तिथे दुरून बटण दाबून एक सुरुंग उडवलाही. खरे धाडस त्या माणसांचे, जे रोज सकाळी तिथे गुडघ्यांवर बसत. त्यातले बहुतेक त्याच भागातले, काही तर कालपर्यंत एकमेकांविरुद्ध लढलेले.

या कामाला आजही फारसा जवळचा रस्ता नाही. सुमारे एक मीटर रुंदीची पट्टी आखायची. आधी तार ताणलेली आहे का ते बघायचे, मग गवत हाताने कापायचे, मग धातू शोधणारे यंत्र जमिनीलगत फिरवायचे. यंत्र वाजले की तिथे खूण करायची आणि थोडे अलीकडून, तिरप्या दिशेने, माती हळूहळू खरवडत पुढे जायचे. सुरुंग वरून दाबला की फुटतो, म्हणून त्याच्याकडे नेहमी बाजूने जायचे. दहा वेळा खणावे तेव्हा नऊ वेळा खिळा, पत्र्याचा तुकडा किंवा काडतुसाचे टरफल निघते, आणि दहाव्या वेळीही हात तेवढाच हळू चालला पाहिजे. सुरुंग सापडला तर तो उचलायचा नाही, शेजारी स्फोटक ठेवून जागीच उडवायचा. प्लॅस्टिकच्या सुरुंगांत धातू इतका थोडा असतो, की यंत्राला तो जेमतेम ऐकू येतो. एका माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीने एखाद्या घराच्या अंगणाएवढी जमीन मोकळी होते. सुरुंग बनवायला तीन डॉलर आणि तो काढायला तीनशे ते हजार डॉलर, असा संयुक्त राष्ट्रांचा त्या काळचा हिशेब होता. अलीकडे मोठ्या आफ्रिकी उंदरांना स्फोटकाचा वास घ्यायला शिकवले जाते. ते वजनाने हलके असल्याने सुरुंग फुटत नाही आणि ते गंजक्या डब्यांवर वेळही घालवत नाहीत. पण त्यांनी दाखवलेल्या जागी शेवटी माणूसच खणतो.

डायनाच्या या भेटीवर मायदेशी टीका झाली. तेव्हाच्या ब्रिटिश सरकारला सुरुंगांवर सरसकट बंदी नको होती, आणि संरक्षण खात्याच्या एका कनिष्ठ मंत्र्याने तिला विषयाची माहिती नाही, ती बेलगाम वागते, अशा अर्थाचे उद्गार काढले. तो वाद तिच्या पथ्यावरच पडला. राजकारणात पडायचे नाही, हे काम माणुसकीचे आहे, एवढेच ती म्हणत राहिली. हे म्हणणे अर्धेच खरे होते. कोणते शस्त्र वापरावे हा प्रश्न राजकारणाचाच असतो आणि तिला ते कळत नसेल असे वाटत नाही. मे महिन्यात ब्रिटनमध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने त्याच महिन्यात बंदीला पाठिंबा जाहीर केला.

जूनमध्ये तिने लंडनमध्ये आणि मग वॉशिंग्टनमध्ये या विषयावर भाषणे केली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला तिच्या ७९ पोशाखांचा लिलाव झाला आणि त्याचे पैसे कर्करोग व एड्सच्या कामाला गेले. ऑगस्टमध्ये ती बोस्नियाला गेली. सोबत होते ते स्वतः सुरुंगात पाय गमावलेले दोन अमेरिकी कार्यकर्ते. तिथे ती पाय गेलेल्या लोकांच्या घरी बसली. दुभाष्यामार्फत बोलणे चाले, आणि कित्येकदा बोलणे न होताच वेळ जाई. वर्तमानपत्रांना मात्र त्या दिवसांत तिच्या नव्या मित्राबरोबरच्या फोटोंत जास्त रस होता. बोस्निया आतल्या पानांवर गेले.

तीन आठवड्यांनी, ३१ ऑगस्ट १९९७ च्या मध्यरात्रीनंतर, पॅरिसमधल्या एका भुयारी रस्त्यात तिची गाडी खांबावर आदळली. हृदयाशी जोडलेली फुफ्फुसाची एक मोठी शीर फाटली होती. पहाटे चारच्या सुमारास डॉक्टरांनी प्रयत्न थांबवले. पुढे अनेक वर्षे कटकारस्थानाच्या कथा रंगल्या. २००८ साली लंडनच्या चौकशीत ज्यूरीने चालकाचा आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांचा अक्षम्य निष्काळजीपणा हे कारण ठरवले, चालक दारू प्यायलेला होता हेही नोंदवले, आणि आणखी एक साधी गोष्ट सांगितली: सीटबेल्ट लावलेला नव्हता. मागे बसल्यावर पट्टा कशाला, असे म्हणणारे आपल्या रस्त्यांवर आजही रोज भेटतात.

तिच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, ऑस्लो येथे सुरुंगबंदी कराराच्या मसुद्यावर परिषद सुरू झाली. १८ सप्टेंबरला मसुदा मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये सुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. डिसेंबरमध्ये कॅनडाच्या ओटावा येथे १२२ देशांनी सह्या केल्या आणि १ मार्च १९९९ रोजी करार लागू झाला. सुरुंग बनवायचे नाहीत, वापरायचे नाहीत, साठा चार वर्षांत नष्ट करायचा, जमीन दहा वर्षांत मोकळी करायची आणि जखमींना मदत करायची, अशी त्याची कलमे.

हे सगळे डायनामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती मोहीम १९९२ सालीच सुरू झाली होती. रेड क्रॉसचे सर्जन वर्षानुवर्षे जखमांची मोजदाद मांडत होते. ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅनडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी देशांना सह्यांसाठी बोलावून ठेवले होते, तेव्हा डायना अंगोलाला गेलीही नव्हती. तिने केले ते इतकेच, की सरकारांना हा विषय शस्त्रनियंत्रणाच्या बंद खोलीत ठेवणे कठीण करून टाकले. एड्सच्या कक्षात तिचा हात हाच उपचार होता, कारण तिथे धोका नव्हताच. हुआंबोत तिच्या चालण्याने एकही सुरुंग निघाला नाही. सुरुंग निघतात ते पैशाने, माणसांनी आणि वर्षांनी. तिच्या फोटोने पैसे आणि लक्ष मिळवले, आणि लक्ष ही टिकणारी गोष्ट नसते. १९९८ साली अंगोलात पुन्हा युद्ध पेटले आणि ते थांबायला २००२ उजाडले.

भारत या करारात नाही. अमेरिका, रशिया, चीन आणि पाकिस्तानही नाहीत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, तेव्हा पंजाब-राजस्थानच्या शेतकऱ्यांनी आपली शेते काट्याच्या तारेपलीकडून पाहिली. आणि आता, युक्रेनच्या युद्धानंतर, फिनलंड, पोलंड, लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या देशांनी २०२५ साली करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. शेजारी रशिया असताना त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण आज पेरलेला सुरुंग युद्ध संपल्यावर कुणाच्या पायाखाली येतो, याचे उत्तर अंगोलाच्या रुग्णालयांत लिहून ठेवलेले आहे.

मोझांबिकने २०१५ साली सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा केली. अंगोलाने २०२५ चे उद्दिष्ट ठेवले होते, ते गाठता आलेले नाही. तिथे हॅलो ट्रस्टने आजवर एक लाखाहून अधिक सुरुंग काढले आहेत आणि २०१७ पासून बेंगेला प्रांतात स्त्रियांच्या तुकड्याही या कामावर आहेत. कित्येकींवर घर एकटीने चालवण्याची जबाबदारी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये डायनाचा धाकटा मुलगा हॅरी हुआंबोच्या त्याच जागी गेला. तो माळ तिथे उरला नव्हता. लाल फलकांच्या जागी आता रस्ता आहे, दोन्ही बाजूंना घरे आणि दुकाने आहेत, जवळच शाळा आहे, आणि मुले तिथून पायी शाळेत जातात.